सिगारेट सुटली, पण मार्च एंडिंग आणि बाबांचं बायपास एकदमच आलंय. टिकायचं कसं?

उमरेडरोड

नमस्कार मंडळी. सिगारेट सोडून अर्धं वर्ष उलटलं. आधी रोजच्या दहा-बारा व्हायच्या, आता एरवी आठवणही येत नाही. पण पुढचे दोन महिने कठीण आहेत. गांधीबागेत होलसेल कापडाचे हिशेब बघतो, म्हणजे ३१ मार्चपर्यंत रोज रात्री दहा-अकरापर्यंत ऑफिस. लगेच एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बाबांचं बायपास, आणि रात्री दवाखान्यात मीच थांबणार.

तलफ परत येऊन राहिली आहे, तीही नेमकी ताणाच्या वेळी. अंगातून निकोटिन कधीच गेलं, मग हे काहून होतं? आता निकोटिनची गम घेतली तर तिचीच सवय लागेल का? आणि रात्री दोन वाजता आयसीयूबाहेर बसल्यावर नेमकं काय करायचं? "मन घट्ट कर" असं घरचे सांगतातच. हाताने करण्यासारखं काही असेल तर सांगा जी.

बजाजनगर_समुपदेशन

भाऊ, "काहून होतं" तिथूनच सुरुवात करू. ते कळलं की पुढचं बरंच सोपं होतं.

निकोटिन दोन-तीन दिवसांत अंगातून निघून जातं. सोडल्यानंतरची चिडचिड आणि बेचैनी त्याच दिवसांत टोकाला जाते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. सिगारेटमुळे मेंदूत निकोटिनला धरून ठेवणाऱ्या जागा वाढलेल्या असतात. त्यासुद्धा साधारण सहा ते बारा आठवड्यांत कधीच न ओढणाऱ्या माणसाइतक्या होतात. तुमचं शरीर हे सगळं मागे टाकून आलं आहे. शिल्लक आहे ती शिकलेली जोडी: डोक्याला ताप झाला की पाय ठेल्याकडे. रोज दहा म्हणजे वर्षाला साडेतीन हजारांवर वेळा ही जोडी घोटली गेली. साधे दिवस असतात तेव्हा ती झोपून असते, कारण सहा महिन्यांत तुम्ही साधे दिवस सिगारेटशिवाय काढायला शिकलात. मार्च एंडिंग आणि आयसीयू मात्र सिगारेटशिवाय अजून एकदाही काढलेले नाहीत. म्हणून तलफ तिथे येते. तुमचं काही बिघडलेलं नाही, तुमचा निर्धारही कमी पडलेला नाही.

दुसरं म्हणजे "सिगारेटने ताण हलका व्हायचा" ही आठवण. हलकं वाटायचं हे खरं. पण निकोटिनचं रक्तातलं प्रमाण दोन तासांत निम्म्यावर येतं. त्या उताराची बेचैनी पुढची सिगारेट घालवायची आणि श्रेय मिळायचं ताण घालवल्याचं. बॅलन्स शीट जिथल्या तिथेच असायची. सोडलेल्या आणि न सोडलेल्या लोकांची तुलना करणारे बरेच अभ्यास एकत्र करून २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आढावा आला होता. त्यात सोडणाऱ्यांची चिंता, उदासी आणि ताण आधीपेक्षा कमी झालेला दिसला. तलफ आली की हे स्वतःला जरूर सांगा, पण एवढ्यावर विसंबू नका. ताणात असलेला माणूस तर्काने चालत नाही, ठरवून ठेवलेल्या गोष्टीने चालतो.

म्हणून आजच एका कागदावर पुढच्या दोन महिन्यांतल्या धोक्याच्या जागा आणि वेळा लिहा. "ताण" असं मोघम लिहू नका. रात्री साडेआठला सगळे मिळून चहाला खाली उतरतात ती वेळ. व्यापाऱ्याचा आकडा जुळत नाही आणि शेठजींचा फोन येतो ती वेळ. गाडी काढताना रस्त्यात येणारा ओळखीचा पानठेला. दवाखान्याचं गेट. डॉक्टर येऊन बोलून गेल्यानंतरची पहिली पाच मिनिटं. बिलाच्या काउंटरची रांग. नातेवाइकांचे एकामागून एक येणारे फोन. बहुतेकांची यादी सात-आठच्या पुढे जात नाही.

मग प्रत्येकापुढे एकच वाक्य लिहायचं: "हे झालं की मी हे करीन." उदाहरणार्थ, "साडेआठचा चहा मी वरच मागवीन." "घरी जाताना त्या चौकातून न जाता मागच्या गल्लीने जाईन." "डॉक्टर बोलून गेले की आधी जिन्याने दोन मजले उतरून चढून येईन, मग फोन लावीन." वाक्यात क्रिया हवी, कारण "मी ओढणार नाही" हे ऐन वेळी उपयोगी पडत नाही. पायांना कुठे जायचं तेच त्यात सांगितलेलं नसतं.

आणि आता ठेल्यावर मोबाइलने पैसे देता येतात, त्यामुळे खिशात पैसे न ठेवण्याची जुनी युक्ती चालत नाही. महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला २०२० पासून बंदी आहे, तरी मागणाऱ्याला ती मिळते हे आपण सगळे पाहतो. ठेल्यापासून अंतर ठेवणं एवढंच आपल्या हातात आहे. ऑफिसातल्या ज्या दोघांसोबत ओढायचात त्यांना आजच सांगून टाका: "मार्चभर मी मागितली तरी देऊ नका." रात्री अकराला, डोकं पिकलेलं असताना हे सांगणं जमत नाही.

आता रात्री दोनचं. एक तलफ साधारण तीन ते पाच मिनिटं जोरात असते आणि दहा मिनिटांत उतरते, तुम्ही ओढा किंवा ओढू नका. म्हणजे निभवायची आहेत ती दहा मिनिटं. मोबाइलवर दहाचा टायमर लावा. उठून उभे राहा, बसून राहू नका. गार पाणी घोटघोट प्या, अर्धी बाटली तरी. मग श्वास: नाकाने चार मोजेपर्यंत आत, तोंड किंचित उघडं ठेवून सहा मोजेपर्यंत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात, असं तीन-चार मिनिटं करा. सिगारेटने जे शांत वाटायचं त्यातला एक भाग या लांब श्वासाचा होता, झुरका घेताना तो आपोआप घेतला जायचा. घाईघाईने खोल श्वास घेऊ नका, डोकं गरगरतं आणि उलट घाबरल्यासारखं होतं. टायमर वाजेपर्यंत कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भराभर चाला किंवा जिना चढा. दहा-पंधरा मिनिटं जोरात चाललं की तलफ खरोखर कमी होते, हे तपासून पाहिलेलं आहे. एप्रिलात दुपारी दोनला नागपुरात बाहेर चालायला जाऊ नका, दवाखान्याच्या आतच चाला.

एक अट: आयसीयूपासून खाली गेटपर्यंत "जरा हवा खायला" जायचं नाही. गेटबाहेर चहा, पान, सिगारेट सगळं एका रांगेत असतं, आणि तिथे उभी असलेली चार माणसंही तुमच्यासारखीच काळजीत असतात. ती आपुलकीने सिगारेट पुढे करतात. त्या आपुलकीला नाही म्हणणं ओळखीच्या ठेलेवाल्याला नाही म्हणण्यापेक्षा जड जातं. हवा हवी असेल तर गच्ची, जिन्याची खिडकी, दुसऱ्या बाजूचं दार, कुठलंही चालेल.

सदर_औषधवाले

गमचं मी सांगतो.

सहा महिने निकोटिनशिवाय असलेल्या माणसाने गमचा रोजचा कोर्स सुरू करायचं कारण नाही. पण सिगारेट किंवा गम अशी वेळ आली तर डोळे मिटून गम घ्या. गममधून निकोटिन हळू आणि थोडं चढतं. सिगारेटचं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं आणि सवय लावणारा तडाखा त्या वेगाचाच असतो. शिवाय गममध्ये धूर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही. ऐन वेळेसाठी जवळ ठेवलेल्या गमची सवय लागणं दुर्मिळ आहे.

तुम्हाला २ मिलिग्रॅम पुरेल. ती बहुतेक मेडिकल स्टोअरमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते, ४ मिलिग्रॅमला डॉक्टरची चिठ्ठी लागते. नुकत्याच सोडणाऱ्यांसाठी ठोकताळा असा: उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर ४, नाहीतर २. हृदयाचा ताजा त्रास असेल किंवा गर्भारपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

चघळण्यात जवळजवळ सगळे चुकतात. साध्या च्युइंग गमसारखी भराभर चावली की निकोटिन लाळेसोबत पोटात जातं. तिथून त्याचा फारसा उपयोग होत नाही. उचकी, मळमळ, जळजळ मात्र होते. मग माणूस "मला गम सोसत नाही" म्हणून डबी टाकून देतो. बरोबर पद्धत म्हणजे हळूहळू दहा-पंधरा वेळा चावा, तिखट किंवा झिणझिण चव आली की थांबा. गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा. मिनिटभराने चव गेली की पुन्हा थोडी चावा आणि दुसऱ्या गालात ठेवा. एक गम अर्धा तास अशी चालते. एका वेळी एकच.

आता नागपूरकरांसाठी खास. गम तोंडात ठेवण्याआधी पंधरा मिनिटं आणि ती तोंडात असेपर्यंत संत्र्याचा रस, लिंबूपाणी, पन्हं, ताक, कोल्ड्रिंक, कॉफी काहीही नको. आंबट पदार्थाने तोंडातली लाळ आम्लधर्मी होते आणि निकोटिन गालाच्या त्वचेतून आत शिरत नाही. एप्रिलात दवाखान्यात जो येतो तो संत्र्याचा रस घेऊन येतो. जरूर प्या, फक्त गमपासून वेगळ्या वेळी. गमच्या आधी साध्या पाण्याने चूळ भरली तर उत्तम.

आणि वेळ साधा. गमचा पूर्ण असर व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तलफ आल्यावर गम शोधली तर ती चढेपर्यंत तलफ निघून गेलेली असते. डॉक्टर अकराला राउंडला येणार हे माहीत आहे ना, मग साडेदहाला घ्या. दिवसाला तीन-चारच्या वर लागू नयेत. रोज त्याहून जास्त लागत असतील आणि दोन आठवड्यांनीही कमी होत नसतील, तर दुकानदाराला न विचारता डॉक्टरांना भेटा.

कातडीवर चिकटवायच्या निकोटिनच्या पॅचबद्दल वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, म्हणजे ज्यांनी सोडून अजून काहीच आठवडे झालेत त्यांच्यासाठी थोडं. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्यांना नेहमीचा क्रम २१ मिलिग्रॅमचा पॅच सहा आठवडे, मग १४ चा दोन आठवडे, मग ७ चा दोन आठवडे. आपल्याकडच्या घामात तो निघून येतो. अंघोळीनंतर दंडावरची केस नसलेली जागा पूर्ण कोरडी करा, पावडर किंवा तेल लावू नका, तळहाताने दहा सेकंद दाबा आणि रोज जागा बदला. रात्री विचित्र स्वप्नं पडत असतील तर झोपताना काढून ठेवा. मध्ये एखादी सिगारेट ओढली गेली तर घाबरून पॅच काढू नका, तो चालूच ठेवायचा असतो.

व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन ही सिगारेट सोडायच्या गोळ्यांची औषधं चिठ्ठीचीच आहेत. फिट येण्याचा आजार असणाऱ्याला ब्युप्रोपिऑन देत नाहीत. मित्राची उरलेली पट्टी वापरू नका.

चहाचं कुणी सांगितलं नाही म्हणून मीच सांगतो, कारण हे फार जण चुकतात. सिगारेटच्या धुरातल्या घटकांमुळे यकृत कॅफिन झपाट्याने निपटतं. ओढणाऱ्याच्या अंगात ते साधारण तीन-साडेतीन तासांत निम्म्यावर येतं, न ओढणाऱ्याच्या अंगात पाच-सहा तास लागतात. भाऊ, तुम्ही आता न ओढणाऱ्यांत मोडता. गेल्या मार्चमध्ये सिगारेटसोबत आठ चहा पचत होते, या मार्चमध्ये तेच आठ चहा जवळजवळ दुपटीने लागतील. छाती धडधडेल, हात थरथरतील, रात्री झोप उडेल आणि वाटेल की तलफ आली. ती तलफ नसते, तो चहा असतो. संध्याकाळी पाचनंतर दोन अर्ध्या कपांवर थांबा आणि रात्री ऑफिसात चहाऐवजी फुटाणे ठेवा. उपाशीपोटी चहा हे त्याहून वाईट, कारण भुकेची बेचैनीही तलफेसारखीच वाटते.

याच कारणाने काही औषधांचे डोसही बदलतात. दम्याचं थिओफायलिन किंवा मानसिक आजारावरचं क्लोझापिन, ओलान्झापिन चालू असताना कुणी सिगारेट सोडली किंवा पुन्हा धरली, तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. गम किंवा पॅच चालू ठेवला तरी हे लागू आहे, कारण तो फरक धुराने पडतो, निकोटिनने पडत नाही.

उमरेडरोड

चहाचं माहीतच नव्हतं. आत्ताच सहा-सात होऊन राहिले आहेत, आजपासून कमी करतो. औषधवाले दादा, बजाजनगर दादा, दोघांचेही आभार.

अजून एक. ऑफिसात दोघं म्हणतात, सिगारेट नको तर खर्रा घे, निदान धूर तरी नाही, मार्च संपला की सोडून दे. महिनाभरासाठी चालेल का?

दंतचिकित्सा_मेडिकलचौक

नाही. एक दिवसासाठीही नाही.

विदर्भात सिगारेट सोडणारा माणूस परत सिगारेटकडे जातो त्याहून सहज खर्ऱ्याकडे घसरतो, म्हणून स्पष्ट लिहितो. खर्ऱ्यात तंबाखू, सुपारी आणि चुना पन्नीत घोटलेला असतो. वर औषधवाल्यांनी सांगितलं की आंबटाने निकोटिन आत शिरत नाही. चुना त्याच्या बरोब्बर उलटं करतो: तोंड अल्कधर्मी होतं आणि निकोटिन गालातून वेगाने रक्तात जातं. एक पुडी तासन्‌तास तोंडात राहते. सहा महिन्यांत मेंदू ज्यातून मोकळा झाला, तेच तुम्ही दुसऱ्या दाराने आत घेता.

त्यात सुपारी. सुपारीतल्या अरेकोलीनची स्वतःची सवय लागते, ती निकोटिनपेक्षा वेगळी. तंबाखू सोडलेले कित्येक जण नुसत्या सुपारीत अडकलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला, तंबाखू नसली तरी, माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. सुपारीने गालाच्या आतली त्वचा कडक आणि पांढुरकी होते, तिखट लागू देत नाही आणि हळूहळू तोंड उघडणं कमी होतं. सावजी खाताना एकाएकी आग होऊ लागली तर तिखटाला दोष देऊन सोडून देऊ नका. घरच्या घरी तपासायचं तर आपली मधली तीन बोटं उभी एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये घालून बघा. तिन्ही सहज जायला हवीत. दोनच जात असतील तर दंतवैद्याकडे जा. कडक झालेला हा भाग पूर्वीसारखा पूर्ण मऊ होत नाही, म्हणून लवकर जायचं.

तोंडात काहीतरी हवं ही गरज मात्र खरी आहे, तिला नावं ठेवू नका. बडीशेप, लवंग, वेलची, भाजलेले फुटाणे, गाजराच्या किंवा काकडीच्या कांड्या चालतील. बडीशेप घरी भाजून डबीत भरा, कारण बाजारच्या मुखवासात बऱ्याचदा बारीक सुपारी असते. सिगारेट धरायच्या दोन बोटांना चाळा हवा असेल तर दालचिनीचा तुकडा किंवा सिगारेटच्या लांबीची कापलेली स्ट्रॉ धरा. तिच्यातून हळू हवा ओढली तर श्वासही आपोआप लांबतो.

हर्बल सिगारेट आणि हुक्काही नकोत. तंबाखू असो-नसो, जळणाऱ्या पाल्याचा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड आलंच, आणि हात-तोंडाची सवय जिवंत राहते. वेपची विक्री तर २०१९ च्या कायद्याने देशभर बंद आहे, चोरून जे मिळतं त्यात काय भरलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

मदत हवी असेल तर मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, परिसरातल्या शासकीय दंत महाविद्यालयात तंबाखूमुक्तीसाठी विचारा. सरकारचा राष्ट्रीय टोल-फ्री क्रमांक १८००-११२-३५६ आहे. तिथे दिवसा माणूस भेटतो, रात्री दोनला नाही. म्हणून ऑपरेशनच्या आधीच एकदा बोलून ठेवा. रात्री मन फारच बिथरलं तर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, क्रमांक १४४१६, तो चोवीस तास चालू असतो.

धरमपेठची_ताई

घरच्यांनी काय करावं हे कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. दादा, एवढा भाग घरी वाचून दाखवा.

माणूस दवाखान्यातून घरी आला की शर्टाचा वास घेऊन बघणं, "ओढली तर नाहीस ना?" असं दारातच विचारणं, आजपासून बंद. या प्रश्नाने तो ओढायचं थांबवत नाही, सांगायचं थांबवतो, आणि लपवून ओढलेली एक लवकर रोजची होते. त्यापेक्षा एक साधा निरोप ठरवा. त्याने फोनवर "दहा मिनिटं" एवढाच मेसेज टाकला की घरच्या एकाने लगेच फोन करायचा आणि तलफेबद्दल काही न विचारता इकडचं तिकडचं बोलत राहायचं. पोरांचा अभ्यास, बिघडलेला कूलर, काहीही. हा फोन कोण घेणार ते आधी नाव घेऊन ठरवा. "कोणालाही कर" म्हटलं की रात्री कुणालाच केला जात नाही.

दुसरं, रात्रीच्या पाळ्या वाटा. सलग तीन रात्री जागलेल्या माणसाकडून संयमाची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चौघांपैकी दोन एकत्र आले की तलफ येतेच, आणि दवाखान्यात चारही असतात. चुलतभाऊ, जावई, शेजारी, ज्याला जमेल त्याला एकेक रात्र द्या. नागपुरात विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही, पण विचारावं लागतं. डबा रात्री आठला पोचू द्या, दहाला नाही. डब्यात पोळीभाजीसोबत उकडलेली अंडी किंवा घट्ट वरण असं पोटात टिकणारं काही असावं. जेवणानंतर ओढायची सवय असणाऱ्याला जेवल्यावर लगेच एक काम द्या: डबे धुवून आणणं, बाबांची औषधं तपासणं. ताटावरून उठल्यानंतरची पाच मिनिटं रिकामी नकोत.

उमरेडरोड

ताई, हे आईला आणि बायकोला दोघींनाही वाचून दाखवलं. फोन बायको घेणार असं ठरलं.

शेवटचं विचारतो. एवढं करूनही एखादी ओढली गेली तर?

बजाजनगर_समुपदेशन

हा प्रश्न आधी विचारलात हे फार चांगलं केलंत. बहुतेक जण ओढून झाल्यावर विचारतात आणि तोपर्यंत पाकीट आलेलं असतं.

एकीने काय होतं ते आधी समजून घ्या. एक-दोन झुरक्यांतच मेंदूतल्या निकोटिनच्या निम्म्या जागा भरतात आणि काही तास भरलेल्या राहतात. त्या मोकळ्या होताना दुसरीची मागणी येते. ही मागणी येणार हे माहीत असेल तर ती साधारण दिवसभराची गोष्ट आहे. त्याहून मोठं नुकसान "गेलंच सगळं, आता काय" या विचाराने होतं. सहा महिने गेले नाहीत. पुसले जातील असे ते नाहीतच.

तर कागदावर हेही आत्ताच लिहून ठेवा. अर्धी असेल तर तिथेच विझवायची, संपवायची नाही. पाकीट घेतलं असेल तर ते कुणाला न देता पाण्याखाली धरून टाकायचं. तोंड धुवायचं, शर्ट बदलता आला तर बदलायचा. बायपासनंतरच्या रुग्णाजवळ धुराचा वास घेऊन जायचं नाही, हेही त्यात आलं. तासाभरात घरी फोन करून एका वाक्यात सांगायचं. पुढचे चोवीस तास हीच खरी कसोटी, तेव्हा औषधवाल्यांनी सांगितलेली गम आधीपासून वेळ लावून घ्या. दुसऱ्या दिवशी यादी काढून बघा: ती सिगारेट कोणत्या जागी, कोणत्या वेळी आली? ती जागा यादीत नसेल तर लिहा, असेल तर तिच्यापुढचं वाक्य बदला. स्वतःला शिव्या देण्यात वेळ घालवू नका, त्यानेही ताणच वाढतो.

आठवड्यात दुसऱ्यांदा तसंच झालं तर वाट न पाहता डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. आणि दोन आठवड्यांच्या वर सतत उदास वाटत असेल, झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तो सिगारेटचा प्रश्न समजू नका, वेगळा उपचार लागतो.

एक जागा मात्र तुमच्या यादीत नसणार म्हणून मीच भर घालतो. ३१ मार्चची रात्र, आणि डॉक्टर "ऑपरेशन छान झालं" म्हणतील ती संध्याकाळ. ताण असताना माणूस सावध असतो. सुटका झाल्यावर हात मोकळा पडतो, मित्र "आता तर एक चालते" म्हणतात, त्यात दारू असेल तर निम्मा विरोध तिथेच संपतो. क्लोजिंगच्या पार्टीला जायचं तर जेवून जा, दारू घेऊ नका आणि परतायची वेळ आधीच ठरवून ठेवा. ऑपरेशन नीट झालं की गेटबाहेर चहा पाजण्याऐवजी वॉर्डातल्या सगळ्यांना पेढे वाटा. गेटपर्यंत जायचं कारणच उरत नाही.

सदर_औषधवाले

गमची पट्टी गाडीच्या डिक्कीत ठेवू नका भाऊ. मार्च सरता सरता आपल्याकडे पारा चाळिशीला लागतो, उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीत त्याहून कितीतरी वर. गम चिकट होते आणि पट्टीतून निघत नाही. एक पट्टी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, एक दवाखान्याच्या पिशवीत बडीशेपच्या डबीजवळ ठेवा. एक्स्पायरी तारीख बघून घ्या.

उमरेडरोड

डिक्कीतच ठेवणार होतो. यादी लिहून झाली, नऊ जागा निघाल्या. साडेआठचा चहा आजपासून वरच मागवून राहिलो आहे.